भिंतीवरचा कवडसा

राजाजीनगरात आमच्या समोर राहणारे मास्तर माझ्या मुलीला शाळेत विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे, सांगायचे काहीच नाहीत. कुणी प्रश्न विचारला की चष्मा कपाळावर सरकवून आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणायचे, "स्वल्प, थोडं करून बघू या की." पुण्याहून आलेल्या मला तो चक्क कामचुकारपणा वाटे.

एकदा नववीच्या पोरांनी पुठ्ठा आणि आरसे जोडून उन्हावरची चूल केली आणि आम्हा पालकांना भात खायला बोलावलं. एक वाजून गेला तरी तांदूळ कडकच होते. पोरांचे चेहरे उतरले.

मी मास्तरांच्या कानाशी लागले. "अहो, कवडसा भांड्यावर नाही, मागच्या भिंतीवर पडलाय."

"सकाळपासून तिथंच आहे, अक्का," ते म्हणाले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. स्वतःचा डबाही त्यांनी उघडला नाही. पोरांबरोबर उपाशी, उन्हात बसून राहिले.

बऱ्याच वेळानं माझी मुलगी भिंतीकडे बघत उठली आणि तिनं आरसा वळवला.

भात झाला तेव्हा उन्हं कलली होती. थोडा गिच्चच झाला होता, पण मास्तरांनी पुन्हा मागून घेतला.

खबरदारी म्हणून नेलेला पोळीभाजीचा डबा मी पिशवीतून बाहेर काढलाच नाही.