नाडीच्या मापापुढचे सहा ठिपके

आमचे हे शिंपी. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. चाळीस वर्षं लोकांची मापं घेण्यात गेली. स्वभाव इतका सरळ, की खोटं बोलायची वेळ आली की तोंड उघडायच्या आधीच कानाच्या पाळ्या लाल होतात. अपवाद एकच, कंबर. गिऱ्हाइकाची कंबर छत्तीस भरली तर हे खणखणीत आवाजात "चौतीस" म्हणणार, वहीत चौतीस लिहिणार आणि आकड्यापुढे दोन बारीक ठिपके देणार. एक ठिपका म्हणजे एक इंच. कापताना ठिपके धरून कापायचं. गिऱ्हाईक खूश, पॅन्टही बरोबर बसते. काज-बटणं माझ्याकडे असल्यामुळे ही भानगड फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

अशा माणसाने घरात अजगर पाळलाय म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग पाय वर घेतात. अकरा वर्षांपूर्वी गाव सोडून निघालेल्या एका गिऱ्हाइकाने ते पिल्लू कागदपत्रांसकट यांच्या हवाली केलं. पायजम्याच्या नाडीएवढं होतं, म्हणून नाव नाडी. मी तेव्हाच बजावलं होतं, "या घरात ती तरी राहील नाहीतर मी तरी." दोघीही राहिलो.

राहिलो, पण मी तिला कधी हात लावला नाही. हे तिला बाहेर काढत तेव्हा पेटी पुसायची, पाणी बदलायचं, दिवा वेळेवर लावायचा, फ्रीजरमध्ये मटारच्या मागे तिच्या उंदरांचा डबा ठेवायचा, हे सगळं मी केलं, तोंडाने बडबडत केलं. हात मात्र नाही. यांचं उलट. आमची लेक लग्न होऊन गेली तेव्हापासून दुकान बंद झालं की हे नाडीला खांद्यावर घेऊन बसतात आणि दिवसभरात माझ्याशी बोलले नसतील तेवढं तिच्याशी बोलतात. याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

साप पाळायचा तर परवाना लागतो आणि तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. दोन मीटरपर्यंतच्या सापाला साधा परवाना चालतो. कुलपाची पेटी हवी, दिवा हवा, आणि मालकाने स्वतः माप घेऊन अर्जात भरायचं. साप दोन मीटरच्या वर गेला की मोठा परवाना. त्यासाठी कुलूप लागणारी वेगळी खोली हवी, शिवाय घरातली आणखी एक जबाबदार व्यक्ती हवी, जी अधिकाऱ्यासमोर सापाला उचलून दाखवेल. हे जमत नसेल तर साप सरकारी केंद्रात जमा.

यंदा परवान्याचे साहेब स्वतः आले. आमचंच गिऱ्हाईक, अंगात आमचीच पॅन्ट. स्टुलावर बसून त्यांनी अर्ज उघडला.

"एकशे अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर. झालं तर मग," ते म्हणाले. "पण मास्तर, आकड्यापुढे हे सहा ठिपके कसले? पेन गळतंय का?"

माझ्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. हाताची सवय, दुसरं काय! सरकारी अर्ज आहे एवढंही भान राहिलं नव्हतं. पण साहेबांनी उत्तरही आयतंच दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं, की शिक्का. मी यांच्याकडे बघून डोळे वटारले.

यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. म्हणजे 'हो' अगदी तोंडाशी आलं होतं. मग यांनी ते गिळलं.

"पेन चांगलं आहे साहेब. एक ठिपका म्हणजे एक सेंटीमीटर. दोनशे चार भरली ती. गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून मी कमी लिहितो. या वेळी वाईट मलाच वाटत होतं."

साहेबांनी नकळत आपल्या पट्ट्यात बोट घालून पाहिलं. मग अर्ज मिटला.

"मग साधा परवाना नाही देता येणार, मास्तर. वेगळी खोली आहे?"

"नाही."

"उचलणारं दुसरं कोणी?"

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही. हिला भीती वाटते. हिला काही विचारू नका."

साहेब जमा करायचं पत्र लिहायला लागले. हे पेटीकडे पाठ करून उभे राहिले आणि गळ्यातली टेप काढून गुंडाळत बसले. गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. ज्या दिवसाची मी अकरा वर्षं वाट पाहिली तो दिवस दारात उभा होता आणि मला रडू येत होतं. त्याचा मला भयंकर संताप आला.

"ट्रायल रूमला कुलूप लागतं," मी म्हणाले. "लोक कपडे आमच्या खोलीत घालून बघतील."

"अहो वहिनी, पण उचलून..."

"अहो, पेटी उघडा," मी यांना म्हणाले.

मी डोळे मिटूनच हात पुढे केले, उगाच शौर्य कशाला सांगू? "मध्ये धर. दुसरा हात खालून दे," हे हळूच म्हणाले. ती ओलीगार लागेल अशी माझी खात्री होती. पण चांगली कोरडी होती, आणि इस्त्री उतरल्यावर कापडात थोडा वेळ राहते तेवढी ऊब होती तिला. माझ्या कोपराला वळसा घालून ती तिथेच थांबली. मी एकदा "अगं बाई" म्हटलं, तेवढंच.

साहेबांनी नवा अर्ज काढला. "जबाबदार व्यक्तीचा या प्राण्याबरोबरचा अनुभव. किती वर्षं लिहू?"

मी कोपरावरच्या वळशाकडे पाहिलं. दोन मिनिटं, असं कुठल्या रकान्यात लिहितात?

"अकरा," हे म्हणाले.

साहेबांनी पेन उचललं. "मास्तर, पुढे ठिपके?"

"एकही नाही."

मी यांच्या कानांकडे पाहिलं. पाळ्या लाल नव्हत्या.