मधल्या फळीतले मेश्राम

रायपुरातल्या एका सरकारी खात्याच्या फुटबॉल संघात तुळशीराम मेश्राम उमेदीची सगळी वर्षं मधल्या फळीत खेळले आणि त्यांनी एकही गोल केला नाही. करायचाच नव्हता. खात्याच्या वार्षिक सामन्यात कर्मचारी विरुद्ध साहेबलोक अशी गाठ पडे, आणि गोल मोठ्या साहेबांनीच करायचा असा रिवाज होता. साहेबांच्या सुटलेल्या पोटाला वळसा घालून चेंडू अलगद त्यांच्या बुटापाशी पोचवावा तर तुळशीरामांनीच. विरुद्ध संघाला इतका सुरेख पास देणारा खेळाडू जगात दुसरा झाला नसेल. याच गुणावर त्यांना बढती मिळाली, आणि पुढे संघाचं प्रशिक्षकपदही.

मग त्यांनी टीव्हीवर तो फ्रेंच गडी पाहिला. तोही मधल्या फळीतलाच, कष्टाळू. आधी कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला, मग प्रशिक्षक म्हणून. तुळशीरामांच्या मनाने घेतलं. शहरातल्या गोल बाजारातून त्याच्यासारखाच कोट आणला आणि एप्रिलच्या उन्हात तो चढवून मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे राहू लागले.

"काहून उकडून घेऊन राहिले जी?" बायकोने, मीराबाईंनी, विचारलं.

"यंदा मले कप पायजे," ते म्हणाले. "रिटायर व्हायच्या आधी एकदा तरी खराखुरा."

सामन्याआधी त्यांनी पोरांना बजावलं, "आज कोनी साहेब नाही. बॉल आला का अडवाचा." गोलरक्षक यशदीप खात्यात नुकताच लागलेला. "हव, कोच साहब," तो म्हणाला, आणि त्याने ते खरंच मानलं.

सामना संपत आला तेव्हा कर्मचारी एका गोलने पुढे होते. साहेबांना पेनल्टी मिळाली. पंचही खात्याचाच, तेव्हा कशाबद्दल हे कुणी विचारलं नाही. साहेबांनी चेंडू मारला. यशदीपने झेप घेऊन तो छातीशी कवटाळला आणि शिट्टी वाजली. कर्मचारी जिंकले होते.

तुळशीराम कोट सावरत धावले ते पोरांकडे नव्हे, साहेबांकडे.

"माफ करा साहेब. पोट्टा नवीन आहे, त्याले समजलं नाही."

यशदीपने ते ऐकलं. "आपने ही तो बोला था, कोच साहब," एवढंच म्हणाला.

तुळशीरामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात साहेब खोकले.

चषकासोबतचा फोटो आज कचेरीत लावलेला आहे. त्यात सगळी पोरं आहेत. हरलेले साहेबही आहेत, मधोमध बसलेले. प्रशिक्षक तेवढे नाहीत. ते साहेबांसाठी थंड पाणी आणायला गेले होते.