मास्तरांची थकलेली घरपट्टी

गल्लीत सिस्टरला नावानं कुणी ओळखत नसे. तिचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा तिला सिस्टरच म्हणायचा. अर्धं आयुष्य हॉस्पिटलच्या रात्रपाळीत गेलेलं, गुडघे कुरकुरणारे आणि दिवसाची झोप म्हणजे नुसती डुलकी. साठवलेल्या पैशांतून तिनं दोन खोल्यांचं घर विकत घेतलं, आतल्या भाडेकरूसकट. भाडेकरू घड्याळं दुरुस्त करणारा, व्यवहाराला चोख. त्याचं भाडं येऊ लागलं की रात्रपाळी सोडायची. दिवसपाळीचा पगार कमी असला तरी भागेल, एवढाच तिचा हिशेब होता.

व्यवहाराच्या दिवशी ती ड्यूटीवरून थेट वकिलाकडे गेली. घर विकणारे निवृत्त मास्तर आधीच येऊन बसले होते.

"घरपट्टी?" वकिलानं विचारलं.

"भरलेली आहे," मास्तर म्हणाले.

फायलीत वरच पावती होती. वकिलानं पावती पाहिली, तिच्यावरचं वर्ष पाहिलं नाही. बाटली दोनदा वाचल्याशिवाय पेशंटला औषधाचा थेंब न देणाऱ्या सिस्टरनं जांभई दाबली आणि बोट ठेवतील तिथे सह्या केल्या. तिला फक्त झोपायचं होतं.

पहिलं भाडं हातात पडलं त्याच आठवड्यात नोटीस आली. दोन वर्षांची घरपट्टी थकलेली, वर दंड आणि व्याज. नगरपालिकेतल्या कारकुनाला तिनं मास्तरांचं, भाड्याचं सगळं सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, पट्टी घराला लागते, माणसाला नाही. आणि घर आता तुमचं."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"फाशी कशाला? हप्ते बांधून देतो. वर्षभर ते भाडं इकडंच आणून भरा."

भाऊ भडकला. "म्हाताऱ्यानं हातोहात फसवलं तुला! मागची बाकी त्यानंच द्यायची, असं करारात आहे ना? मग जा आणि वसूल कर. भीड भिकेची बहीण असते, सिस्टर."

मास्तर आता मुलीकडे राहत होते. सिस्टर गेली ती भांडायच्या तयारीनंच. वाटेत दोन-चार झणझणीत वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. मास्तरांनी नोटीस डोळ्यांजवळ धरून वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पण पट्टी तर आमची ही भरायची," ते म्हणाले. "मला कधी विचारावंच लागलं नाही."

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या अख्ख्या संसारात घरपट्टी कधी थकली नव्हती. डब्यात साखर असते तशी पट्टीही भरलेलीच असते, असं मास्तर धरून चालले होते. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

सिस्टरनं जुळवलेली वाक्यं सोडून दिली. राग मात्र गेला नाही. "मग आता द्या," ती म्हणाली.

मास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत मुलगी भांडी लावत होती. ते हळू आवाजात म्हणाले, "घराचे सगळे पैसे जावयाच्या हाती दिलेत. इथं राहायचं म्हणजे... पेन्शनीतून दर महिन्याला थोडे थोडे देतो. आत कळू देऊ नका, बाई. मी विसरतो म्हणून आधीच बोलणी खातोय."

असे बाप तिनं वॉर्डात पुष्कळ पाहिले होते. कितीही दुखत असलं तरी मुलं भेटायला आली की ते "बरं आहे" म्हणायचे. "बरं," ती म्हणाली, आणि नोटीस पर्समध्ये घालून मुलीनं आणून दिलेला चहा प्यायली. दुसऱ्या दिवशी तिनं मेट्रनकडून रात्रपाळी आणखी एक वर्ष मागून घेतली.

पेन्शन झाली त्या संध्याकाळी मास्तर हॉस्पिटलात आले. सिस्टर नुकतीच ड्यूटीवर चढत होती. ते चालतच आले होते, धाप लागलेली. "पाय मोकळे करायला जातोय असं सांगून निघालो," म्हणत त्यांनी खिशातल्या नोटा काढल्या.

"राहू द्या" हे शब्द सिस्टरच्या अगदी ओठांवर आले होते. पण समोर अख्खी रात्र होती, गुडघे आत्ताच ठणकत होते. तिनं हात पुढे केला आणि पैसे घेतले. मास्तरांनी तिचे आभार मानले, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.