हरकतीचं वाक्य

मॅनेजरने स्क्रीन शेअर केली. माझं नाव, माझा स्वोर्ड्स गावातला पत्ता, माझी थकबाकी, सगळं टीमसमोर उघडं.

"आज फोनचा सराव. नमुन्याला आपलाच माणूस घेऊ," तो म्हणाला. "तू मालक हो. मी तुला जप्तीचा फोन करतो. रडायचं नाही हं!"

चौकोनांतले चेहरे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

२०२१ चा हिवाळा, लॉकडाउन. मी स्वयंपाकघरात बसून काम करत होतो. आमची कंपनी अमेरिकेतल्या एका रिसॉर्टचे टाइमशेअर सांभाळायची. वर्षातला एक आठवडा तुमच्या नावावर, आणि देखभालीचा खर्च कायमचा तुमच्या माथी. कर्मचाऱ्यांना सवलत होती, म्हणून एक आठवडा मीही घेतला होता. साथीत रिसॉर्ट बंद, खर्च चालू. माझा पगार कापला यांनीच. खर्च थकला म्हणून माझा आठवडा जप्तीला लावला तोही यांनीच.

पूर्वी जप्तीसाठी कंपनीला न्यायाधीशापुढे जावं लागे. तिथल्या राज्याने कायदा बदलला. आता नोटीस पुरे. एकच वाट उरली होती. मालकाने मुदतीत लेखी हरकत घेतली, तर प्रकरण कोर्टातच न्यावं लागे. फोनवर वाचायच्या मजकुरात ते वाक्य होतं.

आठवड्यांच्या भारतीय मालकांचे फोन मॅनेजर मलाच द्यायचा. "तुमची माणसं कोर्टाला घाबरतात. त्यांच्या भाषेत बोल. ते वाक्य राहिलं तरी ग्रँड, काही बिघडत नाही. रेकॉर्डिंग ऐकून इथे कोणाला कळणार आहे?"

घाबरायचोच आम्ही. आयरिश नागरिकत्वाचे अर्ज टाकून बसलेली माणसं. कोर्ट म्हटलं की आधी अर्ज आठवायचा.

ड्रोहेडाच्या शिंदेताई घरून डबे पुरवायच्या. सासू-सासऱ्यांना एकदा अमेरिका दाखवायची म्हणून त्यांनी आठवडा घेतला होता. मी फोन केला.

"दादा, कोर्टात नाव नाही ना जाणार? आमचा अर्ज गेलाय हो."

"नाही ताई. तुम्ही काहीच करायचं नाही."

"आपलं माणूस आहे म्हणून बरं. नाहीतर यांचं इंग्रजी आणि माझी धडधड!"

नोटिशीत हरकतीचं लिहिलेलं होतं. पण आपलं माणूस सांगतंय म्हटल्यावर कोण वाचतं? त्यांचा आठवडा गेला. त्यांची बाजू कोणी ऐकली नाही. मी ऐकू दिली नाही.

आणि आता मॅनेजर मला तोच मजकूर वाचून दाखवत होता. मी त्या वाक्याची वाट पाहत होतो. ते आलंच नाही.

"तुम्हाला काहीच करायचं नाही," असं म्हणून त्याने संपवलं.

मला, जो रोज तोच मजकूर वाचायचा त्याला! इतकी वर्षं मी स्वतःला टीमचा समजत होतो. त्याच्या लेखी मी 'तुमची माणसं'मधलाच एक होतो.

"एक वाक्य राहिलं," मी म्हणालो.

"कुठलं?"

"हरकतीचं."

"अरे, तू कोर्टात जाणार? तुझा इथला पासपोर्ट अडकलाय ना?"

कोणीतरी फिसकन हसलं. या वेळी मी हसलो नाही.

"माझी हरकत आहे. लेखी देतो. न्यायाधीशापुढे या."

त्याने स्क्रीन बंद केली.

त्याच दुपारी, मुदतीत, हरकत पाठवली, राजीनामाही. मग शिंदेताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांची मुदत टळून गेली होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो ताई."

"आणि मी तुम्हाला दादा म्हणत होते." फोन कट झाला.

त्यांनी मला माफ करू नये. मी माफी मागितलीही नाही. ज्यांची मुदत उरली आहे, त्यांना आता मी स्वतःच्या फोनवरून गाठतो. आधी हरकतीचं सांगतो, मग माझं नाव. नागरिकत्व अडलं तर अडू दे. माझं प्रकरण कोर्टात उभं राहील, तेव्हा मराठीत लोकांना काय सांगत होतो आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते मी इंग्रजीत, शपथेवर सांगणार आहे.