कस्तुराबाईंची तीट

कस्तुराबाई गप्प झाल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. बंगळुरूला मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. निपाणीहून मुलाकडे राहायला आल्यापासून पाच वर्षांत ही बाई माझ्या दारावरून न बोलता गेलीय, असं एकदाही झालं नव्हतं. भाजीवाल्या अण्णाशी भांडण अर्धं कानडीत, माझ्याशी मराठीत, आणि लिफ्टशी दोन्ही भाषांत.

चार दिवस झाले. न राहवून मीच त्यांना घरात ओढलं. चहाला हात न लावता त्या म्हणाल्या, "माझ्या हातानं पोरीचं तोंड जाळलं बघा मी."

नात गौरी आठ महिन्यांची. जन्मापासून उजव्या गालावर, थेट कानशिलापर्यंत, जांभळट लाल डाग. त्यातल्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर लेझरचा प्रकाश सोडतात. सोमवारी तिसरी खेप होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं : येताना तोंडाला काही लावायचं नाही, काजळ तर मुळीच नाही. काळा रंग प्रकाश ओढून घेतो आणि कातडी भाजते.

आणि या बाईंनी कानशिलावर तीट लावली होती! टोपीखाली, सून कल्पनाला दिसू नये अशी.

"दवाखान्यात येणारा-जाणारा बघतोय तिला. दृष्ट लागंल, असं वाटलं हो."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून तो बाजूला ठेवला आणि पुढे काय झालं ते विचारलं. लेझरच्या खोलीत बाळाबरोबर फक्त आईला सोडतात, म्हणून त्या बाहेरच थांबल्या होत्या. गौरी बाहेर आली ती गालभर काळेनिळे ठिपके घेऊन. ते दर खेपेला उठतात, दहा-बारा दिवसांत जातात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण कानशिलावरचा ठिपका त्यांना सगळ्यांत काळा दिसत होता. पोर झोपली की वाकून तेवढा एकच बघायच्या. तो जाणारच नाही, अशी त्यांची खात्री झाली होती.

"कल्पनाला सांगा," मी म्हटलं.

"घरातनं काढंल मला."

मी हाताला धरून त्यांना समोरच्या दारात नेलं. त्यांनी सगळं सांगितलं, मान वर न करता.

कल्पना म्हणाली, "आई, ती तीट नर्सने आधीच पुसली होती. शिवलीलाने. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, मग मशीन लावलं. तुम्हाला लाज वाटेल म्हणून मी विषय काढला नाही."

कस्तुराबाई तिथेच खाली बसल्या. चार दिवसांचं रडू एकदम फुटलं. कल्पनाही रडली. मग तिनेच आतून काजळाची डबी आणली आणि गौरीचं पाऊल सासूच्या मांडीवर ठेवलं.

"इथे तळपायाला चालतं. त्याच दिवशी विचारून आलेय मी."

कस्तुराबाईंनी काजळात बुडवलेलं बोट मागे घेतलं, तेव्हा कल्पनाने ते धरून तीट लावून घेतली.