छावणीतली म्हैस आणि तिचं लुगडं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिचं लुगडं पिळणं.

नऊवार लुगडं एकट्याला पिळता येत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि मधे खाली घमेलं. टँकर दिवसाआड यायचा. पिळून निघालेलं पाणी म्हशीला पाजायचं, म्हणून साबण लावायचा नाही, नुसतं खंगाळायचं. त्या दिवशी माझ्या हातातलं टोक निसटलं.

ती म्हणाली, "अवं, जेवला न्हाईत का? नीट धरा की."

मी म्हणालो, "तूच रेड्यावानी ओढतीस."

ती हसली. लुगडं दोरीवर टाकलं. ह्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्यानंतर आम्ही मिळून काही केलं नाही, म्हणून सांगतो.

हे झालं छावणीत. पाऊस सलग दोन वर्षं हुकलेला. आमच्या दूध सोसायटीनं पाटोद्याच्या रस्त्याला जनावरांची छावणी काढली होती. वर हिरवी जाळी, खाली खुंट्यांच्या रांगा. आमची एकच म्हैस. नियम असा, की जनावराजवळ माणूस पाहिजेच. तपासणीला कधीही यायचे, आणि खुंट्याजवळ माणूस नसला की त्या दिवशीची वैरण बंद. म्हणजे म्हैस खुंट्याला बांधलेली आणि आम्ही म्हशीला. तीन महिने तिथंच खाणं, तिथंच झोपणं. चालावं म्हटलं तर रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथं दुसऱ्याची जनावरं, दुसऱ्याचं शेण आणि तेच ऊन. रात्री कूस बदलली तरी तोंडापुढं कुणाचं तरी शेपूट.

माणूस असा अडकला की त्याचं डोकं चालायला लागतं. माझं तर लई चालायचं. मी चौथी शिकलेला, पण काळजी करायला शाळा लागत नाही. सकाळी उठलो की सुरू.

"छावणी बंद केली तर गं?"

ती विचारायची, "झालीय का बंद?"

"न्हाई."

"मग वैरण टाका."

"औंदा बी पाऊस न्हाई आला तर?"

"आलीय का वेळ?"

"न्हाई अजून."

"मग बसलात कावून? वैरण टाका."

मला राग यायचा. मी इथं जिवाचं सांगतोय आणि ही वैरणीचं सांगतीय. पण उठून वैरण टाकायचो. टाकताना उसाच्या वाढ्याचं पान हाताला कापायचं, म्हैस डोकं ढुसायची, तेवढा वेळ काळजी मागं राहायची. पुन्हा यायची, ते वेगळं.

एकदा मात्र मी तिला बोलण्यात पकडलं. उन्हाळ्याच्या तोंडालाच म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हा सोडेना. मी म्हणालो, "आता इचार की, झालंय का म्हणून. झालंय. मेलंय ते. आता सांग काय करू?"

रेडकाचं दावं तिच्या हातात होतं. ते गुंडाळत ती म्हणाली, "झालंय. मग आता वैरण कुणाला टाकायची ऱ्हायलीय, ते बघा."

आणि म्हशीखाली जाऊन बसली. कास चोळत, जिभेनं चक् चक् करत, 'ये गं माजी बाय' म्हणत बसली. दुपारपर्यंत बसली असंल. म्हशीनं पान्हा सोडला, पण त्या दिवसापासून फक्त तिलाच. दुसऱ्या कुणाचा हात लागला की लाथ.

मधे ती लेकीकडं आष्टीला एक दिवस गेलती, तर म्हशीनं माझ्याकडून एक थेंब काढू दिला नाही. कास तट्ट फुगली. ती परत आली आणि माझ्यावरच डाफरली. "माझं लुगडं नेसून बसायचं हुतं. म्हशीला काय कळतंय? तिला वास कळतोय."

मी म्हणालो, "आन् मिशा?"

"तोंडावर पदर घ्यायचा."

शेजारच्या खुंट्याला एका म्हाताऱ्याचे दोन बैल होते. तो पोट धरून हसला. "नेस बे, नेस! आमी बघाया येतो. सगळी छावणी गोळा करतो."

मी म्हणालो, "मेलो तरी नेसणार न्हाई."

तर त्या शेवटच्या दिवशी लुगडं वाळत टाकलं आणि दुपारी ती म्हणाली, "जरा पडते." म्हशीच्या सावलीला पडली. मी बाजूला वाढं तोडत बसलो. मला बरंच वाटलं, की चला, आज झोपतीय तरी. एकदा माशी बसली होती तिच्या गालावर, ती मी हाकलली. उठवलं नाही. म्हैस तिच्या डोक्याशी तोंड नेऊन फुसफुसायला लागली तेव्हा हात लावला. अंग तापलेल्या पत्र्यासारखं होतं. जीपमधनं पाटोद्याला नेलं. डाक्टर म्हणाले, ऊन लागलं, उशीर झाला.

दिवस मावळायच्या आत गावात सगळं आटोपलं. अग्नी मीच दिला, आम्हाला लेकच आहे. ती आष्टीहून आली, गळ्यात पडली, आणि मला रडता येईना. डोक्यात एकच फिरत होतं. उठवलं असतं तर. माशी हाकलली तेव्हाच उठवलं असतं तर.

घर माणसांनी भरलेलं. मला भिंतीला टेकवून बसवलं. छावणीत निदान रांगेच्या टोकापर्यंत जाता येत होतं, इथं उंबऱ्यापर्यंतही नाही. दिवा लावला तेवढ्यात बैलवाल्या म्हाताऱ्याचा फोन आला.

"तुला सांगू नये आज. पर तुजी म्हस धार काढू दीना. दोन बाया बसल्या, दोघींना लाथ घातली. लई वरडाया लागलीय."

फोन ठेवला. तिनं सकाळी काढली तीच शेवटची धार. उद्या सकाळपर्यंत कास दगडासारखी होणार, ताप चढणार. आमच्याकडं त्याला दगडीच म्हणतात. एकदा दगडी झाली की सड जातात, मग त्या म्हशीला कुणी दारात ठेवत नाही. तिनं रेडकाच्या मागं एवढं करून राखलेली म्हैस. मी थोरल्या भावाला म्हणालो, मला जाऊ द्या.

तो म्हणाला, "येडा का खुळा? आजच अग्नी दिलास. तिसऱ्या दिवसापतूर उंबरा वलांडायचा न्हाई. म्हशीचं सोसायटी बघंल."

मी बसलो. डोकं पुन्हा तिथंच. उठवलं असतं तर. त्याला दार नाही, खिडकी नाही, नुसतं गरागरा फिरायचं. पहाटं पहाटं मला तिचं विचारणं आठवलं. तिच्याच आवाजात आठवलं असं काही मी म्हणणार नाही, आवाज आठवत नव्हता. नुसते शब्द. झालंय का?

झालंय. तिच्या बाबतीत झालंय. आता उठवता येत नाही.

आणि म्हशीचं? झालंय का?

न्हाई. अजून न्हाई.

ह्यात काही मोठं ज्ञान नाही. दुःख तसूभर कमी झालं नाही. फक्त डोकं एका जागचं दुसऱ्या जागी गेलं, आणि त्या दुसऱ्या जागी करायला काहीतरी होतं.

फटफटलं तसा उठलो. भाऊ आडवा आला. "लोक काय म्हणतील?"

लेक मधे पडली, चुलत्याला म्हणाली, "जाऊ द्या त्यास्नी, तात्या. आई असती तर कवाच हाकललं असतं."

तासाभराची वाट. छावणीत पोचलो तेव्हा म्हैस ओरडून ओरडून घोगरी झाली होती. मला बघून तिनं पाय आपटला. दोरीवर लुगडं तसंच होतं, कुणी हात लावला नव्हता. कालचा पीळ अजून त्यात चुण्या होऊन राहिलेला. नाकाला लावलं. साबण नव्हता, म्हणून ती होती त्यात.

धोतरावरच ते गुंडाळलं. कसंही. आजूबाजूची माणसं उठून बघायला लागली. बैलवाला म्हातारा दातणाची काडी तोंडात धरून उभा होता. मला वाटलं हसंल. हसला असता तर बरं झालं असतं.

तो जवळ आला, काडी टाकून दिली आणि हळूच म्हणाला, "पदर घे बे तोंडावर. मिशा दिसत्यात."

मी पदर घेतला. म्हशीखाली बसलो. तिनं मान वळवून हुंगलं, पदर हुंगला, खांदा हुंगला. मी जिभेनं चक् चक् केलं, तिच्यासारखं जमलं नाही. 'ये गं माजी बाय' म्हणायला गेलो आणि तिथं मला रडू आलं, तोंडावर पदर होता म्हणून बरं. कास चोळत राहिलो. ऊन जाळीवर आलं तरी चोळत होतो. मग सडात दूध उतरल्यासारखं लागलं आणि बादलीत पहिली धार वाजली.

सुतकातल्या घरचं दूध सोसायटी घेती का नाही, मी विचारलं नाही. बादली बाजूला ठेवली, पदर कमरेला खोचला आणि वैरण टाकली.