नवऱ्या मुलाची अंगठी

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण डोळ्यांपुढून हलत नाही ती एका अंगठीची साधी फिर्याद. पन्नासच्या दशकात मी पनवेल ठाण्यात फौजदार होतो. लग्नसराईत आमच्याकडे भांडणं यायची ती रुसव्याफुगव्यांची. हवालदार दोन्हीकडच्यांना चहा पाजून परत पाठवायचा.

त्या दिवशी खाडीकाठच्या गावातला एक मिठागरवाला एका कातकरी बाईला दंडाला धरून ठाण्यात घेऊन आला. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं आणि मागे नवरा-नवरीसकट अर्धं वऱ्हाड.

"सायेब, माझ्या पुतन्याची आंगठी हिनं चोरली. मांडवान भांडी घासाला हीच व्हती."

बाई एवढंच म्हणाली, "मी नाय घेतली."

कातकरी म्हटलं की आळ आधीच तयार असायचा, आणि आमचं खातंही त्याला अपवाद नव्हतं. मी तिला ओसरीत बसवलं आणि फिर्याद ऐकली. आपल्याकडे लग्नाची खूण बायकोच्या गळ्यात आणि पायाच्या बोटांत. सोनं कमरेखाली घालायचं नाही म्हणून जोडवी चांदीची. नवऱ्याच्या बोटातली सोन्याची अंगठी ही सासऱ्याची हौस. पण वरात घरी आली की तीच अंगठी हळदीच्या पाण्यात टाकतात आणि नवरा-नवरी परातीत हात घालून शोधतात. ज्याला सापडेल त्याचं घरात चालणार म्हणे. माझ्या घरी कुणाचं चालतं ते सगळ्या पोलीस लाइनीला ठाऊक होतं, ते असो. इथे खेळ नवऱ्याने जिंकला होता. दुपारी निजताना अंगठी उशाशी ठेवली आणि उठून पाहतो तर नाही, असं त्याचं म्हणणं.

जबाब लिहून होतात तोच धवलारीण माझ्या टेबलापाशी आली. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी ही म्हातारी, तिचा मान भटजीएवढा. ती हळूच म्हणाली, "फौजदार, मी परातीशीच बसलेली. पोरानं मूठ वर काढली, सगली वरडली नवरा जिकला म्हनून. पन मूठ उघडून दावली नाय त्यानं."

मी दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी नवरी, सोबतीला धवलारीण. पोर जोडव्यांकडे बघत बोलली.

"आंगठी मलाच गवसली व्हती, सायेब. पन घर भरून पावनं. त्यांचा हसा नको, म्हनून पान्यातच त्यांचे मुठीन सारली."

मग नवरा. तिने सांगितलेलं ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला.

"तिला काय करू नका, सायेब. तिनं दिली ती मी लगीच तिचे हातान परत सारली. नवीन घरान आलीय, तिला बरं वाटंल म्हनून. रिकामी मूठ वर काढून, ती तिची मूठ कवा उघडंल याची वाट बघत व्हतो, तर लोकं आधीच वरडली."

मला हसू आवरेना. त्याला वाटत होतं अंगठी तिच्याकडे, तिला वाटत होतं त्याच्याकडे. देवक उठेपर्यंत दोघांना एकांत कसला मिळायचा? चुलत्याने अंगठी विचारल्यावर बायकोवर बोल येऊ नये म्हणून त्याने उशाची गोष्ट ठोकून दिली. ती ऐकून तिलाही वाटलं, खरंच हरवली.

"आणि तुझ्या त्या थापेपायी ही बाई पोर घेऊन इथं बसलीय," मी म्हणालो. त्याने मान खाली घातली.

म्हणजे अंगठी दोघांच्या हातांमधून निसटली होती, पाण्याबाहेर आलीच नव्हती. सगळे मिळून मांडवात गेलो, बाईलाही बरोबर घेतलं. परातीचं पाणी नवऱ्याच्या आईने ओतलं होतं. हळदीचं पाणी कुणी ओलांडू नये म्हणून तिने ते मांडवाच्या मेढीच्या बुडाशी रिचवलं होतं. मी पंचांसमोर बोटांनी ती ओली माती उकरली. अंगठी चिखलात रुतून बसली होती.

मांडवात एकच हशा उसळला. नवरी पदरात तोंड लपवून हसत होती. नवरा तिच्याकडे असा बघत होता की पंचनाम्यावर सही घ्यायला मला त्याला दोनदा हाक मारावी लागली. इतकं गोड प्रकरण माझ्या हाताखालून पुन्हा गेलं नाही.

चुलता कातकरणीला म्हणाला, "जा बाय आता घरा."

ती जमिनीवर बसली ती उठेना. "मला धरून नेली ती सगल्यांनी पायली. मी नाय घेतली, ते बी सगल्यांसमोर बोला."

चुलत्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात नवरी उठली आणि मुंडावळ्यांसकट त्या बाईशेजारी मातीत जाऊन बसली. तिच्या पाठोपाठ नवराही बसला. मग मात्र चुलत्याने टोपी काढून हातात घेतली.

"हिनं नाय घेतली," तो म्हणाला. "मी चुकलो."

वस्तू चोरीला गेली असं गृहीत धरण्याआधी ती कुठवर होती ते पाहावं, हे तपासाचं तत्त्व मी त्या प्रकरणात शिकलो. पण त्याहून मोठं मला त्या बाईने शिकवलं. त्यानंतर निर्दोष ठरलेल्या माणसाला मी ठाण्यातून नुसतं "जा" म्हणून सोडलं नाही. त्याच्या गावात त्याच्याबरोबर जायचो, आणि ज्यांनी त्याला नेताना पाहिलं होतं त्यांना गोळा करून सांगायचो, याने काही केलेलं नाही.